घोरणे, श्वास आणि दंतवैद्याची खुर्ची

घोरण्याला आपल्या घरांत आजार म्हणून क्वचितच ओळख मिळते. ‘काय डाराडूर झोपले आहेत!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. आजोबांच्या घोरण्याची नक्कल पाहुण्यांसमोर होते आणि आजोबा ‘मी कुठे घोरतो?’ असे विचारून मोकळे होतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नसते, कारण घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. ते ऐकते शेजारी झोपलेले माणूस. आमच्या मिरा-भाईंदरमध्ये कितीतरी कुटुंबे एका शयनगृहाच्या, नाहीतर एकाच खोलीच्या घरात राहतात. तिथे त्या माणसाला उठून दुसरीकडे जाण्याची सोयही नसते. फार तर ते अंथरूण गुंडाळून स्वयंपाकघरात जाते. सकाळी डोळे चुरचुरत चहा टाकताना त्याच्या मनात एकच विचार असतो, की हा आवाज कसा बंद करावा.

वाचकहो, हा विचार स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. घोरण्याचा त्रास ऐकणाऱ्याला होतो. घोरण्यामागे कधीकधी दडलेला आजार मात्र घोरणाऱ्याला होतो. १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत, जुहूच्या एका रुग्णालयात, वयाच्या ६९ व्या वर्षी निधन झाले. त्यांना इतरही व्याधी होत्या, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण सांगताना ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ हे नाव घेतले. अनेक घरांत हे नाव तेव्हा पहिल्यांदाच ऐकले गेले. मराठीत आपण त्याला ‘निद्राश्वासरोध’ म्हणू. या आजाराच्या काही रुग्णांना दंतवैद्याकडून फार चांगला उपाय मिळू शकतो, हे अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. तो उपाय कोणता, कोणासाठी, आणि त्याची मर्यादा कोठे संपते, हे या लेखात पाहू.

आवाज कुठून येतो?

झोप लागली की शरीरातील स्नायू सैल पडतात. जीभ, मऊ टाळू, पडजीभ आणि घशाच्या भिंती यांना ताठ धरणारे स्नायूही त्याला अपवाद नाहीत. उताणे झोपल्यावर जीभ आपल्याच वजनाने मागे सरकते, वाट अरुंद होते आणि त्या अरुंद वाटेने जाणारी हवा मऊ भागांना थरथरवते. ही थरथर म्हणजे घोरणे. इथवर थांबले तर त्याला साधे घोरणे म्हणतात.

काही जणांत मात्र वाट अरुंद होऊन थांबत नाही, ती मिटतेच. छाती आणि पोट हलत राहतात, पण हवा आत जात नाही. खोलीत एकाएकी शांतता पसरते आणि शेजारच्या माणसाला हायसे वाटते. आत मात्र रक्तातील प्राणवायू उतरत असतो. तो पुरेसा उतरला की मेंदू झोपलेल्या माणसाला अर्धवट जागे करतो, स्नायू पुन्हा ताठ होतात, मोठा घुसमटल्यासारखा आवाज येऊन श्वास सुरू होतो आणि घोरणेही सुरू होते. सकाळी माणसाला यातले काहीच आठवत नाही.

श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबला, तर त्याला एक श्वासरोध धरतात. श्वास पूर्ण न थांबता बराच उथळ झाला तर तोही मोजतात. तासाभरात असे प्रसंग सरासरी किती घडले, यावरून आजाराची तीव्रता ठरते. ५ पेक्षा कमी असेल तर ती प्रौढांत सामान्य स्थिती. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. तासाला ३० प्रसंग म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा कोणीतरी आपल्याला हलवून उठवावे, तसे. अशा रात्री आठ तास अंथरुणावर काढूनही झोप झालेली नसते.

हा आजार दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांचा केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. हे सारे पुरुष नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आपल्या पायांनी रुग्णालयात आलेले होते. त्यांच्यापैकी १९.५ टक्के जणांत तासाला ५ किंवा त्याहून अधिक वेळा श्वास अडत असावा, असा अंदाज निघाला. श्वासरोधाबरोबर दिवसा पेंगही येते, असे ७.५ टक्के होते. स्त्रियांत हे प्रमाण तरुणपणी कमी असते, पण पाळी बंद झाल्यानंतर ते वाढते. ‘बायका घोरत नाहीत’ या समजापायी कित्येक आजींचा आजार निदानाशिवाय राहतो.

म्हातारपणाच्या नावावर खपणारी लक्षणे

उतारवयात या आजाराची लक्षणे ओळखणे कठीण जाते, कारण प्रत्येक लक्षणाला दुसरे एखादे सोयीचे कारण मिळते. वर्तमानपत्र वाचता वाचता डुलकी लागते, तेव्हा आपण म्हणतो, वय झाले. नावे आठवत नाहीत, चिडचिड होते, तरी म्हणतो वय झाले. सकाळी डोके जड असते आणि तोंडाला कोरड पडते, तेव्हा पित्तावर खापर फोडतो.

रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठावे लागते, याचे उदाहरण तर खास विचार करण्याजोगे आहे. पुरुष असेल तर प्रोस्टेट आणि मधुमेही असेल तर साखर, असे आपण धरून चालतो. ही कारणे खरी असू शकतातच. परंतु बंद वाटेतून श्वास ओढताना छातीतील दाब वारंवार उणा होतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो आणि त्यातून असे संप्रेरक स्रवते, की मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करू लागतात. श्वासरोधावर उपचार झाल्यावर रात्रीचे उठणे कमी झाल्याचे आम्ही डॉक्टर पाहतो. उतारवयात अंधारात उठणे म्हणजे पडण्याची आणि खुब्याचे हाड मोडण्याची शक्यता, हे लक्षात घेतले की या लक्षणाचे मोल कळते.

दोन-तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित होत असतील, तर श्वासरोधाचा विचार व्हायलाच हवा. उपचार न झालेला श्वासरोध रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी जोडलेला आहे.

घरच्या माणसाची साक्ष येथे मोलाची ठरते. पण ज्येष्ठ दांपत्यात एक अडचण असते. एकजण घोरतो आणि दुसऱ्याला कमी ऐकू येते, त्यामुळे घरात तक्रारच नसते. काही जण तर एकटेच राहतात. म्हणून मुलांना आणि काळजीवाहकांना माझे सांगणे असे आहे, की एका रात्री तासभर लक्ष ठेवा. मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचे चित्रण करा. चेहरा, छाती आणि पोट त्यात दिसू द्या. श्वास थांबतो का, थांबल्यावर छाती हलत राहते का, पुन्हा सुरू होताना घुसमट होते का, उताणे आणि कुशीवर यांत फरक पडतो का, याची नोंद करा. हे चित्रण डॉक्टरांना अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा अधिक सांगते.

एक इशारा मात्र इथेच देतो. रात्री दम लागून उठून बसावे लागत असेल, सपाट झोपताच येत नसेल, पायांवर सूज असेल किंवा छातीत दुखत असेल, तर घोरण्याची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ती लक्षणे हृदयाची असू शकतात.

आधी तपासणी, मग साधन

निदानासाठी झोपेची तपासणी करावी लागते. रुग्णालयात रात्रभर राहून होणाऱ्या तपासणीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची व पायांची हालचाल, हृदयाचे ठोके, श्वास आणि प्राणवायू या सर्वांची नोंद होते. दुसरा प्रकार घरच्या घरी होतो. छोटे यंत्र छातीला, नाकाला आणि बोटाला जोडून रुग्ण आपल्याच अंथरुणावर झोपतो. भाईंदरहून लोकलने थकल्याभागल्या माणसाला रात्रीच्या तपासणीसाठी मुंबईत नेण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचे असते. मात्र हृदय निकामी होण्याचा त्रास, पूर्वी झालेला पक्षाघात किंवा फुप्फुसाचा जुना विकार असेल, तर सहसा रुग्णालयातीलच तपासणी योग्य ठरते. अशा रुग्णांत वाट उघडी असूनही मेंदूकडून श्वासाचा आदेशच न जाणे, असा वेगळ्या जातीचा श्वासरोध असू शकतो. त्यावर दंतवैद्याच्या साधनाचा उपयोग होत नाही.

तपासणीत आजार मध्यम किंवा तीव्र निघाला, तर प्रथम नाव निघते ते सीपॅप यंत्राचे. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे मांडला. नाकावरील मुखवट्यातून हवेचा हलका, अखंड दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवायची, हे त्याचे तत्त्व. श्वासरोध थांबवण्यात याच्याइतका खात्रीचा उपाय आजही दुसरा नाही. अडचण असते ती वापराची. कोणाला मुखवट्यात गुदमरल्यासारखे होते, कोणाचे नाक चोंदते, कोणाला नळी अडकते. काही आठवड्यांत यंत्र कपाटावर जाऊन बसते आणि त्यावर पिशव्या रचल्या जातात. मुखवटा बदलणे, हवेला ओलावा देणे, दाब नीट ठरवणे अशा साध्या उपायांनी बरेच जण पुन्हा यंत्र वापरू लागतात. म्हणून यंत्र सोडण्यापूर्वी ज्यांनी ते दिले त्यांना एकदा भेटावे. तरीही जमले नाही, तर दंतवैद्याचे दार उघडे आहे.

जबडा पुढे, वाट मोकळी

या उपायामागची कल्पना जुनी आहे. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास अडू नये म्हणून त्याचा खालचा जबडा पुढे उचलतात, हे प्रथमोपचार शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते. पिअर रोबँ या फ्रेंच तज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जन्मतः लहान जबडा असलेल्या बाळांची जीभ मागे पडून श्वास कसा अडतो, याचे वर्णन केले आणि जबडा पुढे आणणारे साधनही वापरले. आज प्रौढांसाठी वापरले जाणारे साधन याच विचाराचे पुढचे रूप आहे.

आपण आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या खालचा जबडा हळूच पुढे आणून पाहा. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आले, की जिभेचे मूळही जबड्याबरोबर पुढे ओढले गेल्यासारखे वाटेल. हीच स्थिती रात्रभर टिकवण्याचे काम हे साधन करते. त्याचे दोन भाग असतात. एक वरच्या दातांवर आणि दुसरा खालच्या दातांवर बसतो; दोन्ही एकमेकांना अशा रीतीने जोडलेले असतात, की खालचा जबडा ठरवलेल्या अंतरापेक्षा मागे जाऊ शकत नाही. त्याला वीज लागत नाही, आवाज येत नाही आणि ते खिशातल्या डबीत मावते. गावी किंवा तीर्थयात्रेला जाताना त्याची अडचण होत नाही.

दंतवैद्य प्रथम दात, हिरड्या आणि जबड्याचा सांधा तपासतात. क्ष-किरण चित्र काढतात. जबडा जास्तीत जास्त किती पुढे येतो हे मोजतात आणि साधारणपणे त्याच्या निम्म्या किंवा थोड्या अधिक अंतरावर सुरुवात करतात. दातांचे माप घेऊन प्रयोगशाळेत साधन बनते. त्यानंतर काही आठवडे, अगदी थोड्या थोड्या अंतराने, मिलिमीटरच्या अंशांनी जबडा पुढे सरकवतात. घोरणे आणि पेंग कमी होऊन सांधा दुखत नाही, असा बिंदू सापडेपर्यंत हे चालते. ही घाईची गोष्ट नाही.

उपयोग किती होतो? श्वासरोधांची संख्या घटवण्यात सीपॅप सरस आहे, याबद्दल वाद नाही. परंतु तोंडातले साधन लोक रात्री अधिक तास वापरतात. सिडनी येथेच झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात महिनाभराच्या वापरानंतर दोन्ही उपायांचा रक्तदाबावर व दिवसाच्या पेंगेवर होणारा परिणाम जवळपास सारखा आढळला. थोडक्यात, रात्रभर वापरलेला मध्यम उपाय आणि अर्धी रात्र वापरलेला उत्तम उपाय यांत फारसे अंतर उरत नाही.

२०१५ साली अमेरिकेतील निद्रावैद्यक आणि दंत-निद्रावैद्यक यांच्या संस्थांनी संयुक्त मार्गदर्शक सूचना काढल्या. श्वासरोध नसलेल्या पण घोरण्यावर उपचार हवे असलेल्या प्रौढांना, तसेच सीपॅप न सोसणाऱ्या किंवा दुसरा उपाय पसंत करणाऱ्या श्वासरोधाच्या रुग्णांना, मापाने बनवलेले आणि कमीजास्त करता येणारे साधन द्यावे, असा त्यांचा सल्ला आहे. आपल्याकडील तज्ज्ञांनी २०१४ साली तयार केलेली भारतीय मार्गदर्शिकाही सौम्य ते मध्यम आजारात या साधनाला जागा देते. तीव्र आजारात सीपॅपचाच प्रयत्न आधी करावा. तो खरोखर फसला तर काहीच न करण्यापेक्षा साधन बरे.

आणखी एक तपासणी इथे राहून जाते. साधन पूर्णपणे बसल्यावर, ते तोंडात ठेवून, झोपेची तपासणी पुन्हा करावी लागते. घोरणे थांबले म्हणजे श्वासरोध थांबला, असे म्हणता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीच्या एका गृहस्थांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून तयार साधन मागवले. आवाज बराच कमी झाला, पत्नीला झोप लागू लागली आणि घरात सारे खूश झाले. रक्तदाब मात्र हटेना आणि दुपारची पेंगही जाईना. तपासणी झाली, तेव्हा साधन तोंडात असतानाही श्वासरोध मध्यम स्वरूपाचा निघाला. आवाजाची तक्रार मिटल्यामुळे त्या घरात आता विचारणारेच कोणी उरले नव्हते. पुढे मापाने साधन बनवून, टप्प्याटप्प्याने पुढे सरकवून त्यांना बराच आराम पडला.

दात आहेत तर चणे नाहीत

उतारवयात या उपायाची खरी अडचण दातांची आहे. साधन दातांना धरून बसते, त्यामुळे दोन्ही जबड्यांत साधारण आठ-दहा तरी मजबूत दात लागतात. हिरड्यांच्या आजाराने दात हलत असतील, तर जबड्याचा रात्रभराचा ताण त्यांना सोसत नाही. कीड असेल तर ती आधी भरून घ्यावी लागते. जबड्याच्या सांध्यात आधीपासून दुखणे असेल किंवा तोंडच नीट उघडत नसेल, तर साधन टाळावे लागते. तंबाखू, सुपारी किंवा गुटख्यामुळे तोंड उघडणे कमी झालेल्या माणसांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यांना साधन घालताच येत नाही. अशा तोंडाची कर्करोगाच्या दृष्टीनेही तपासणी व्हायला हवी.

ज्यांना दात नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे साधन असते. ओठांपुढे राहणाऱ्या मऊ फुग्यासारख्या भागात जिभेचे टोक हलक्या ओढीने धरून ठेवले जाते, त्यामुळे जीभ मागे पडत नाही. सर्वांना ते सोसत नाही; जीभ दुखते, लाळ गळते. दंतरोपण केलेल्या काही रुग्णांत रोपणांच्या आधारे जबड्याचे साधन बसवता येते, पण तो निर्णय अनुभवी दंतवैद्याचा.

त्रासही सांगायला हवेत. पहिल्या काही आठवड्यांत लाळ अधिक सुटते किंवा तोंड कोरडे पडते. सकाळी दात आवळल्यासारखे वाटतात, जबडा जड होतो आणि वरखालचे दात नीट जुळत नाहीत. हे सहसा तासाभरात ओसरते. दंतवैद्य त्यासाठी सकाळचा साधा व्यायाम शिकवतात. वर्षानुवर्षे वापरल्यावर दातांची ठेवण थोडी बदलू शकते. म्हणून पहिल्या वर्षी दंतवैद्य सांगतील तेव्हा आणि पुढे वर्षातून एकदा तरी दाखवणे आवश्यक.

कवळी काढावी की ठेवावी?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सर्वसाधारण नियम असा, की रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवावी. हिरड्यांना विश्रांती मिळते, बुरशीचा संसर्ग टळतो. अतिवृद्धांत तर रात्री कवळी घालून झोपणे आणि न्यूमोनिया यांचा संबंध जपानमधील एका अभ्यासात दिसून आला आहे. दुसऱ्या बाजूला, कवळी काढल्यावर जबड्यांतील अंतर कमी होऊन जिभेला जागा अपुरी पडते आणि काही जणांत श्वासरोध वाढतो, असे काही अभ्यासांत आढळले. इतर अभ्यासांत मात्र तसे आढळले नाही. तेव्हा सर्वांसाठी एकच उत्तर नाही. श्वासरोधाचे निदान झालेल्या कवळीधारकाने आपल्या मनाने काही न ठरवता दंतवैद्य आणि डॉक्टर दोघांना विचारावे. तपासणीच्या रात्री कवळी होती की नव्हती, याची नोंद अहवालावर करून घ्यावी. रात्री ठेवायची ठरलीच, तर दिवसा काही तास काढून ठेवावी आणि स्वच्छतेत हयगय करू नये.

काळजीवाहकांसाठी

साधन रोज सकाळी थंड पाण्याखाली, मऊ ब्रशने, सौम्य साबणाने धुवावे. उकळत्या पाण्यात टाकू नये, उन्हात ठेवू नये. त्याचा आकार बिघडतो. पुसून डबीत ठेवावे. कागदात गुंडाळून उशीखाली ठेवलेले साधन सकाळी केराच्या टोपलीत गेल्याची उदाहरणे आहेत. घरात कुत्रे असेल तर डबी उंचावर ठेवावी, कारण लाळेचा वास लागलेले साधन ते चावते.

ज्या रुग्णाला साधन आपल्या हाताने काढता येत नाही, त्याला ते देऊ नये, हा माझा आग्रह आहे. स्मृतिभ्रंश, पक्षाघाताने निकामी झालेले हात, वारंवार येणारी आकडी, अन्न गिळताना लागणारा ठसका अशा स्थितीत उपचाराचा दुसरा मार्ग डॉक्टरांना विचारावा.

जाहिराती आणि चौकशी

गरम पाण्यात मऊ करून चावायची तयार साधने, हनुवटीचे पट्टे, नाकातील चिमटे यांचा ऑनलाइन बाजारात सुकाळ आहे. त्यांपैकी तयार साधन फारसे घट्ट बसत नाही, मापाने सरकवता येत नाही आणि हलणाऱ्या दातांवर ओढ पडू शकते. टाळूवर लेसर मारून घोरणे कायमचे घालवण्याच्या जाहिरातीही दिसतात. श्वासरोधाचा उपचार म्हणून त्याला मापाने बनवलेल्या साधनाइतका आधार नाही.

दंतवैद्याकडे जाताना झोपेच्या तपासणीचा अहवाल आणि औषधांची यादी न्यावी आणि काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. आपण अशी साधने यापूर्वी बसवली आहेत का? साधन पुढेमागे सरकवता येते का? किती भेटी लागतील? त्या भेटी आणि दुरुस्ती मिळून एकूण खर्च किती, हे लिहून मिळेल का? साधन बसल्यावर पुन्हा तपासणीसाठी कोणाकडे पाठवाल? अहवाल न पाहता साधन द्यायला तयार होणाऱ्या दवाखान्यातून नम्रपणे उठावे.

खर्चाची चिंता असणाऱ्यांनी सरकारी आणि महापालिकेच्या दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय पश्चिम रेल्वेने जाणाऱ्यांना सोयीचे आहे. शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे. निघण्यापूर्वी हे साधन सध्या बनवून मिळते का आणि बाह्यरुग्ण विभागाची वेळ काय, हे दूरध्वनीवर विचारून घ्यावे. म्हाताऱ्या माणसाची एक खेप वाया जाणे म्हणजे पुढची खेप न होणे.

आजपासून करण्याजोगे

कोणतेही साधन असो वा नसो, काही गोष्टी घरच्यांच्या हाती आहेत. उताणे झोपण्यापेक्षा कुशीवर झोपल्याने अनेकांचा श्वास मोकळा राहतो. पाठीमागे लोड ठेवला तर माणूस उताणा होत नाही. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरले तरी फायदा होतो. चोंदलेल्या नाकावर उपचार करावेत. रात्रीचे मद्य बंद करावे.

आणि झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नये. ‘त्यांना झोप लागत नाही’ म्हणून शेजारच्यांची गोळी आणून देणारी मुले मी पाहतो. हेतू चांगला असतो. पण अशा काही गोळ्या घशाचे स्नायू अधिक सैल करतात आणि श्वास अडल्यावर मेंदूची जागे करण्याची तत्परताही कमी करतात. तीव्र वेदनाशामकांपैकी काहींचेही तसेच आहे. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याबद्दल आणि श्वासरोधाबद्दल आवर्जून सांगावे. साधन किंवा यंत्र असेल तर रुग्णालयात बरोबर न्यावे. दिवसा पेंग येत असेल, तोवर स्कूटर किंवा गाडी चालवू नये.

नवऱ्याच्या घोरण्याविषयी बोलणे म्हणजे त्याची तक्रार करणे, असे आपल्याकडील कित्येक आजींना वाटते. स्वतःच्या घोरण्याविषयी बोलायला तर त्यांना लाज वाटते. रक्तदाबाच्या पुढच्या तपासणीला जाताना दोघांनी बरोबर जावे आणि रात्री काय ऐकू येते ते एकमेकांच्या समोर डॉक्टरांना सांगावे. मोबाइलवरचे चित्रण बरोबर असेल तर उत्तमच. तपासणी करायची की नाही, केली तर घरी की रुग्णालयात, हे त्याच भेटीत ठरवून घ्यावे.